क्लायबर यांची पाचवी: तेहतीस मिनिटं, पंखा बंद करून

बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची (म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या चार भागांच्या रचनेची) रेकॉर्डिंगं बाजारात इतकी आहेत की नवख्याने दुकानात किंवा अ‍ॅपवर शोधायला घेतलं तर भांबावून जावं. त्यातल्या एकाचंच नाव सुचवायचं झालं तर जाणकार मंडळी बहुतेक वेळा एकच सीडी पुढे करतात: डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीने काढलेली, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने वाजवलेली आणि कार्लोस क्लायबर यांनी संचालित केलेली. पाचवी १९७४ च्या मार्च-एप्रिलमध्ये व्हिएन्नाच्या मुझिकफेराइन सभागृहात ध्वनिमुद्रित झाली. त्याच सीडीवर बीथोवनची सातवी सिंफनीही आहे; तिचं काम १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन १९७६ च्या जानेवारीत संपलं. आधी या दोन स्वतंत्र एलपी होत्या. १९९५ मध्ये 'द ओरिजिनल्स' मालिकेत दोन्ही एका सीडीवर आल्या आणि आज जी घेतली जाते ती हीच. एकूण वेळ साधारण ७२ मिनिटं.

निवाडा आधीच सांगून टाकतो. पाचवीसाठी डोळे मिटून घ्यावी. सातवीचं वादन त्याच तोडीचं आहे, पण आवाज अर्धी पायरी खाली. आणि दोन्हीतलं खरं सोनं हाती लागायचं असेल तर ऐकण्याच्या व्यवस्थेत तीन-चार गोष्टी आधी सरळ कराव्या लागतील, नाहीतर सीडीला दोष देऊन बसाल.

या रेकॉर्डिंगची ख्याती 'वेगवान' अशी आहे, आणि ती थोडी फसवी आहे. हिशेब करून बघा. पहिल्या भागात ५०२ बार आहेत. बार म्हणजे तालाचा एक कप्पा, इथे दोन मात्रांचा. पहिले १२४ बार पुन्हा वाजवायचे असतात, आणि क्लायबर ते वाजवतात. झाले ६२६. बीथोवनने १८१७ मध्ये मेट्रोनोमचे (लय मोजून देणाऱ्या यंत्राचे) आकडे छापून दिले, त्यात या भागाला मिनिटाला १०८ बार असा आकडा आहे. त्या गतीने वाजवलं तर थांबे धरूनही सव्वासहा मिनिटांच्या आसपास भाग संपायला हवा. क्लायबर घेतात ७ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे थांबे धरून सरासरी पंच्याऐंशीच्या आसपास. तरी ऐकताना दम लागतो, कारण लय कुठेही सैल पडत नाही. दुसरा, गोड विषय आला की बरेच कंडक्टर हळूच लगाम ढिला सोडतात आणि जोराचा भाग आला की पुन्हा टाच मारतात. इथे गोड जागाही त्याच लयीत येते आणि तिच्या खाली चेलो-बासमध्ये, म्हणजे खर्जातल्या तंतुवाद्यांत, तोच चार स्वरांचा ठोका कुरकुरत राहतो. तबलजीने ठेका धरून ठेवल्यावर गायकाला जो आधार मिळतो, तसा आधार इथे सगळ्या वाद्यवृंदाला मिळालेला आहे.

आता तो सुप्रसिद्ध आरंभ. पाश्चात्त्य सी या स्वराला सा धरलं तर तो असा: प प प ग, आणि मग म म म रे, यातला ग कोमल. म्हणजे अख्ख्या सिंफनीचा मुखडा चारच स्वरांचा. गंमत अशी की या आठ स्वरांत सा कुठेच नाही. सी मायनर (सी हा सा आणि ग कोमल असलेली स्वरयोजना) ऐकतोय हे कानाला नक्की कळतं ते पुढे सा आल्यावरच. तोवर सूर अधांतरी. दुसरी गंमत तालाची. पहिल्या बारची सुरुवात रिकामी आहे. सम येते ती शांततेवर, आणि तीन छोटे स्वर तिच्यानंतर. कंडक्टरने हात खाली आणायचा तो कुणीही काहीही वाजवत नसताना, आणि साठ-सत्तर माणसांनी त्याच्या अर्ध्या मात्रेनंतर एकदम सुरू करायचं. चुका इथेच होतात. हात डळमळला तर पहिलाच स्वर फाटतो. वादकांनी समेचा अंदाज सोडून दिला तर ते तीन स्वर तिस्र जातीसारखे गोल ऐकू येतात आणि धक्का निघून जातो. व्हिएन्नाच्या वादकांनी तो स्वच्छ उचललाय. आधीची रिकामी सम जवळजवळ ऐकू येते. शिवाय दुसरा थांबा पहिल्यापेक्षा एका बारने लांब लिहिलेला आहे, तो फरकही नीट कळतो. स्वस्तातल्या कित्येक रेकॉर्डिंगांत दोन्ही थांबे एकाच मापाचे उरकलेले सापडतील.

हा आरंभ सगळा वाद्यवृंद वाजवतो असा समज आहे. वाजवतात फक्त तंतुवाद्यं आणि दोन क्लॅरिनेट. बाकीचे बसून. हे एकदा माहीत झालं की त्या आवाजातला लाकडी, किंचित करडा रंग कानाला पकडता येतो.

'नियती दार ठोठावते आहे' ही कथा बीथोवनचा सचिव शिंडलर याच्याकडून आलेली, आणि शिंडलरने पुढे बऱ्याच गोष्टी पदरच्या घातल्याचं सिद्ध झालंय. चेर्नी हा बीथोवनचा शिष्य. त्याच्या सांगण्याप्रमाणे तो ठोका व्हिएन्नाच्या बागेत ऐकलेल्या पिवळ्या पाखराच्या शिळेवरून सुचला. कोणती खरी ते बाजूला ठेवलेलं बरं. तीन आखूड, एक लांब हा मोर्स लिपीतला व्ही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने तो टिंपनीवर (नगाऱ्यासारख्या वाद्यावर) वाजवून विजयाची खूण केली. जर्मन संगीतकाराचा ठोका जर्मनीविरुद्ध. या साऱ्या कथांमुळे कंडक्टर मंडळी आरंभाला एक जड, गंभीर मुखवटा चढवतात. क्लायबर यांनी तो चढवलेला नाही, हे या वादनाचं मोठं बलस्थान.

सिंफनी पहिल्यांदा वाजली २२ डिसेंबर १८०८ ला, व्हिएन्नाच्या थिएटर अ‍ॅन डेर वीनमध्ये. त्या रात्री कार्यक्रम चार तासांचा: पाचवी, सहावी, चौथा पियानो कॉन्चेर्टो, एका मासचे (चर्चमधल्या प्रार्थनेच्या संगीतरचनेचे) भाग, एक आरिया (एकल गाणं) आणि शेवटी कोरल फँटसी. थंडी मरणाची, सराव अपुरा. कोरल फँटसी मध्येच कोसळली आणि पुन्हा सुरू करावी लागली. लोकांना पाचवीत काय घडलं ते त्या रात्री फारसं उमगलं नसेल तर नवल नाही. तिची थोरवी नीट मांडली ती १८१० मध्ये जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमन याने लिहिलेल्या परीक्षणाने.

दुसऱ्या भागाबद्दल थोडक्यात. स्वरयोजना ए फ्लॅट मेजर, म्हणजे आता कोमल ध हाच सा आणि त्याचा ग शुद्ध. व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं तंतुवाद्य) आणि चेलो मिळून धून सुरू करतात, आणि तिचे वेगवेगळे अवतार होत जातात. दहा मिनिटं. 'आन्दान्ते कोन मोतो' म्हणजे चालतं, पण चालतं राहणारं. इथे पाय कुठेच ओढत नाहीत. ज्यांना हा भाग भजनासारखा संथ हवा असेल त्यांना मात्र तो थोडा घाईचा वाटेल.

तिसऱ्या भागात थोडं जास्त वेळ थांबायला हवं, कारण सीडीची किंमत इथेच वसूल होते. सुरुवातीला चेलो आणि बास अंधारातून जिना चढल्यासारखे वर येतात, आणि मग हॉर्न दणकून तोच ठोका एकाच स्वरावर देतात: प प प प. व्हिएन्नाचा हॉर्न हे वेगळं वाद्य आहे. जगभरातले वादक आता दुहेरी नळीचा हॉर्न वापरतात. व्हिएन्नावाले अजून जुन्या धाटणीचा, एफ मधला एकेरी हॉर्न वाजवतात. नळी लांब असल्यामुळे वरचे स्वर चुकायची भीती जास्त. पण जोरात वाजवला की त्यात एक पितळी धार येते, आणि ती धार या ट्रॅकवर अगदी स्पष्ट आहे. त्यांची टिंपनीही बकऱ्याच्या कातड्याची, प्लास्टिकच्या पानाची नाही. ठोका सुका आणि स्वर ठळक. आपल्याकडे तबल्याच्या पुडीचं जे महत्त्व, तेच तिथे त्या कातड्याचं.

मधल्या भागात चेलो आणि डबल बास भरधाव धावत सुटतात. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझला त्यात हत्ती बागडताना दिसले होते. एवढ्या जाड तारांवर इतक्या वेगाने प्रत्येक स्वर सुटा काढणं म्हणजे बोटांची परीक्षा. बरीच पथकं इथे गुरगुर करून वेळ मारून नेतात. (मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता व्हिएन्नात शिकायला गेले तेव्हा डबल बासही शिकले होते. या ओळी हाताखालून गेलेल्या माणसाला त्यांची किंमत वेगळी कळत असणार.) क्लायबर यांच्याकडे स्वर मोजता येतात.

आणि मग तो पूल. तिसऱ्या भागाच्या शेवटी, साधारण शेवटचं पाऊण मिनिट. तंतुवाद्यं खाली कोमल ध धरून बसतात, अगदी हलक्या आवाजात. त्याच्यावर टिंपनी सा वर तोच ठोका देत राहते, दुरून कुणीतरी दार वाजवत असावं तसा. व्हायोलिन चाचपडत वर सरकतात. सूर कुठे चाललाय ते कळत नाही, लय मात्र तीच. आवाज वाढायला लागतो तो अगदी शेवटच्या काही बारमध्ये, आणि एकही श्वास न घेता चौथा भाग उघडतो: सा ग प, म ग रे सा रे सा. इथला ग शुद्ध. एवढा वेळ कोमल गाने दाटून आलेलं सगळं त्या एका स्वराने लख्ख होतं. याच क्षणी तीन ट्रॉम्बोन (पितळी वाद्यं), पिकोलो (छोटी, तार आवाजाची बासरी) आणि कॉन्ट्राबसून (अगदी खर्जाचं फुंकवाद्य) पहिल्यांदा तोंड उघडतात. तोवर तीन भाग ही माणसं वाद्यं मांडीवर घेऊन गप्प बसलेली असतात. बहुतेक कंडक्टर पुलाच्या शेवटी लय रुंद करतात, म्हणजे येणारं आधीच कळून जातं. क्लायबर ती जवळजवळ आहे तशीच ठेवतात. दार ढकलायला जावं आणि ते आतून उघडावं, असं होतं.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती इथेच, आणि दोष बहुतेक वेळा वाजवणाऱ्या यंत्राचा असतो. सीडीवर तिसरा आणि चौथा भाग वेगळे ट्रॅक आहेत, पण मधे शांतता नाही. चांगला सीडी प्लेयर ते सलग वाजवतो. फोनवर तसं होईलच असं नाही. एमपीथ्री बनवताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते, आणि प्लेयरने ती कापली नाही तर नेमक्या त्या स्फोटाआधी उचकी लागल्यासारखा खंड पडतो. म्हणून अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'गॅपलेस' चालू करा. 'क्रॉसफेड', म्हणजे एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळणं, शून्यावर आणा. ते पाच-सहा सेकंदांवर असेल तर चौथ्या भागाचा पहिला सूर पुलावर सांडतो आणि दोन्हींची माती होते. फ्लॅक फाइल (आवाजातलं काहीही न गाळता साठवणारी) असेल तर खंडाचा प्रश्न सहसा येत नाही.

तिसरी गोष्ट आवाज सारखा करणाऱ्या सेटिंगची, 'नॉर्मलायझेशन' नावाची. ती प्रत्येक ट्रॅकला वेगळी लागू होत असेल तर हलका तिसरा भाग वर उचलला जातो, दणदणीत चौथा खाली दाबला जातो, आणि बीथोवनने आवाजात जे अंतर ठेवलं होतं ते सपाट होतं. बंद करा, किंवा निदान पूर्ण अल्बमला एकच माप लागू करा. 'शफल' बद्दल बोलायलाच नको.

आता खोली. पुलावरची टिंपनी साधारण १३० हर्ट्झवर वाजते, आणि डबल बास त्याहून बराच खाली. फोनच्या स्वतःच्या स्पीकरमधून हे जवळजवळ निघतच नाही. ऐकू येते ती नुसती टकटक. हेडफोन किंवा बऱ्यापैकी आकाराचे स्पीकर हवेत. छताचा पंखा पाचावर असेल तर त्याची घरघर नेमकी याच पट्ट्यात बसते आणि पूल गिळून टाकते. त्या तेहतीस मिनिटांपुरता पंखा बंद. आवाजाची पातळी कुठे ठेवायची ते चौथ्या भागाच्या पहिल्या दहा सेकंदांवरून ठरवा. ते कानाला सोसेल इतकं मोठं ठेवायचं आणि मग बटणाला हात न लावता पहिल्यापासून सुरू करायचं. पहिल्या भागावरून पातळी ठरवली की पुलावर आवाज वाढवायचा मोह होतो, आणि पुढच्या क्षणी शेजारी दार वाजवतात.

चौथ्या भागाला १० मिनिटं ५१ सेकंद लागतात, कारण क्लायबर इथलीही पुनरावृत्ती घेतात. पुष्कळ जुन्या रेकॉर्डिंगांत ती गाळलेली असते. काहींना ती नको वाटते: विजय एकदा मिळाला, पुन्हा कशाला? मला ती हवी वाटते. एवढ्या लांबच्या काळोखानंतर तेवढाच लांब उजेड लागतो, नाहीतर तोल जातो. शेवटी सी मेजरच्या तडाख्यांची जी रांग लागते, तिच्यात २९ बार निव्वळ तोच एक मेळ (एकत्र वाजणारा स्वरसमूह) आहे. संपलं संपलं म्हणताना आणखी एक. इथे घाई केली तर ते हास्यास्पद होतं, रेंगाळलं तर कंटाळवाणं. क्लायबर यांची कडक लय इथे शेवटपर्यंत कामाला येते.

तक्रार आहे ती इथल्या आवाजाची. ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, हॉर्न, पिकोलो, टिंपनी असे सगळे मिळून सुटले की ध्वनिमुद्रण जरा आकसतं. वरच्या पट्टीत करकरीतपणा येतो, व्हायोलिन पितळेच्या मागे दबतात. सत्तरच्या दशकात डॉइच ग्रामोफोन खूप माइक लावून मग मिश्रण करत असे, त्याची ही खूण. मुझिकफेराइनच्या दालनाचं घुमणं जगप्रसिद्ध आहे. त्यातलं थोडंच इथे हाती लागतं. महागड्या यंत्रणेवर हा दोष झाकला जात नाही, उलट उघडा पडतो. साध्या, मऊ आवाजाच्या हेडफोनवर हीच सीडी जास्त सुखाची वाटते.

सातवीत हे थोडं आणखी जाणवतं. तंतुवाद्यांचा आवाज पातळ, बासचा पाया हलका. वादन मात्र अफाट. ही सिंफनी पहिल्यांदा वाजली ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्ना विद्यापीठात, हानाउच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी. संचालन खुद्द बीथोवनचं. दुसरा भाग लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. त्याचा ताल मराठी माणसाला लगेच ओळखीचा वाटेल: गुरू लघू लघू, गुरू गुरू. वृत्त शिकताना गण पाडावेत तसा तो एकच तुकडा आठ मिनिटं निरनिराळ्या वाद्यांतून फिरतो. याचं नाव 'आलेग्रेत्तो', म्हणजे फार संथ नव्हे. पण शोकयात्रा समजून तो ओढण्याची प्रथा पडली आहे. क्लायबर ८ मिनिटं ९ सेकंदांत संपवतात, आणि शेवटी एक धिटाई करतात. छापील प्रतीत अखेरच्या बारमध्ये व्हायोलिनांनी गज हाती घ्यायचा आहे. क्लायबर त्यांना शेवटपर्यंत तारा छेडायलाच लावतात. त्यांचे वडील एरिख क्लायबर हेही असंच करत. पहिल्यांदा ऐकताना वाक्य अर्धं सुटल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा तेच बरोबर वाटायला लागतं. सगळ्यांना पटत नाही, तेव्हा घेण्याआधी या ट्रॅकचा शेवट ऐकून बघावा.

सातवीच्या शेवटच्या भागासाठी बसण्याची व्यवस्था माहीत असावी. क्लायबर पहिली व्हायोलिन डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवत, समोरासमोर. बीथोवनने दोन गटांत एकमेकांवर फेकायला लिहिलेले स्वर मग खरंच डावीकडून उजवीकडे जातात. एकाच ब्लूटूथ डब्यावर ऐकलं तर हा सगळा खेळ बुडाला. दोन स्पीकर निदान पाच-सहा फुटांच्या अंतरावर ठेवा, नाहीतर हेडफोन लावा.

पर्याय कोणते? एरिख क्लायबर यांची १९५३ ची पाचवी, अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदाबरोबर डेक्का कंपनीने काढलेली आहे. मोनो आवाज, पण मुलाची लय कुठून आली ते तिथे समजतं. बीथोवनच्या काळची वाद्यं आणि त्याचे मेट्रोनोमचे आकडे हवे असतील तर जॉन इलियट गार्डिनर यांची घ्या. तिथला आवाज सडसडीत, टिंपनी कडाडणारी आणि वेग क्लायबर यांच्याहून खरोखर जास्त. भरदार, गुळगुळीत बर्लिनचा थाट आवडत असेल तर कारायान यांचा १९६० च्या दशकातला संच. मात्र त्यात चौथ्या भागाची पुनरावृत्ती मिळणार नाही.

जुनी एलपी घ्यायचा विचार असेल तर एक सूचना. पाचवीच्या एलपीवर फक्त पाचवी आहे, दोन भाग एका बाजूला, दोन दुसऱ्या. वर्षांनुवर्षं वाजलेल्या तबकडीवरची टिकटिक जोराच्या जागी झाकली जाते, पुलावर नाही. दुसरी बाजू उजेडात तिरकी धरा. काठापासून सुमारे पाव ते एक तृतीयांश आत एक बारीक, काळसर, गुळगुळीत पट्टा दिसेल. हलक्या आवाजाच्या खाचा तिथे जवळजवळ आलेल्या असतात. त्या पट्ट्यावर आडवा ओरखडा असेल तर तबकडी परत ठेवून द्या, बाकी कितीही चकाकत असली तरी.